काटा खोटं बोलतो आणि आपण ऐकून घेतो!

मित्रहो, एकदा आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. नव्या गाड्या सोडून द्या, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लिंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बघा. एखादी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, एखादी प्रीमिअर पद्मिनी. मालकांना विचारा (बहुतेक वेळा ते आपले सरच असतात, म्हणून नावं नकोत!), "पेट्रोलचा काटा चालतो का हो?" उत्तर ठरलेलं असतं. "काट्याचं काय घेऊन बसलात? आपल्याला अंदाज असतो."

माझा राग आहे तो या 'अंदाज असतो'वर.

आमच्या मामाची जिंतूरला एक पद्मिनी आहे. ही गाडी तशी आपल्याच मुलखाची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली, वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. पेपरात तेव्हा काय हळहळ! मामाची मात्र अजून पळते, आणि हौसेपोटी पळत नाही. आजीचं डायलिसिस परभणीला असतं, आठवड्यातून दोनदा. जिंतूर ते परभणी चाळीसेक किलोमीटर आणि तेवढंच परत.

या गाडीचा काटा वर्षभर 'एम्टी'वर झोपलेला होता. टाकी फुल्ल करा नाही तर कोरडी ठेवा, काटा जागचा हलायचा नाही. मामाचा उपाय काय? डिकीत पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन, पेट्रोलने भरलेला. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणे, "चालतंय की! रस्त्यात बंद पडली तर आजीला घेऊन कुठं थांबू?"

मामाचं एका अर्थी खरंच होतं, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर होतं. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली साधारण चाळीस अंश असतो. परभणीची थंडी दर डिसेंबरात कितीही पेपरात येवो, पेट्रोलची वाफ होतच राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते. त्यात आपला मे महिना! म्हणजे आजीच्या सीटच्या मागे, बंद डिकीत, रोज काय ठेवलं जात होतं याचा विचार करा. सगळं कशापायी, तर एक काटा दुरुस्त करायचा कंटाळा.

आता हा काटा चालतो कसा? टाकीत एक युनिट असतं. गॅरेजमध्ये त्याला टँक युनिट किंवा नुसतं 'फ्लोट' म्हणतात. पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा, त्याला एक दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला तारेच्या गुंडाळीवर सरकणारी पत्ती. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली जातो, पत्ती सरकते, रेझिस्टन्स बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. बस्स! आपण लॅबमध्ये व्हेरिएबल रेझिस्टन्सवर जर्नलची पानंच्या पानं उतरवून काढतो (उतरवून म्हणजे कसं, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको), पण तीच वस्तू पेट्रोलच्या वासासकट समोर आली की आपल्याला ओळखू येत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेटसुद्धा न उघडता निदान झालं, "ताई, मीटर गेला. नवीन टाका." बोट न लावता 'गेला' म्हणायची ही सवय फक्त गॅरेजवाल्यांची नाही. आपल्याकडे प्रोजेक्टचं सर्किट चाललं नाही की आपणही म्हणतोच, "आयसी उडाला." तपासून बघायला पाच मिनिटं लागतात, पण ती द्यायची कुणी?

ती पाच मिनिटं अशी. टँक युनिटवरची वायर काढायची आणि इग्निशन ऑन करून काटा बघायचा. मग तीच वायर टाकीपासून लांब, बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवायची. एकदा काटा एका टोकाला आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटरही चांगला आणि वायरही चांगली. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. युनिटचं मायनस टाकीच्या पत्र्यातून बॉडीला मिळतं, आणि जुन्या गाडीत मध्ये गंज बसलेला असतो. म्हणून युनिटच्या चकतीपासून बॉडीपर्यंत एक जादा वायर लावून बघायची. एवढ्यावर काटा उठला तर काहीच विकत घ्यायला नको. पॉलिश पेपर आणि एक वायर, काम झालं!

आमचा उठला नाही. मग बॅटरीचं मायनस सोडलं, गाडी उघड्यावर घेतली, आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघितलं आणि युनिट बाहेर काढलं. पितळी गोळा कानाशी धरून हलवला तर आत खळखळ! जोडावर बारीक भोक पडून पेट्रोल आत शिरलं होतं. गोळा बुडाला, दांडी तळाला, काटा 'एम्टी'वर. उस्ताद म्हणाले, "लाओ, झाल देता." मी ठाम 'नाही' म्हटलं. आत पेट्रोल असलेल्या गोळ्याला झाळ देणं म्हणजे फटाक्याला वात लावणं.

पाने, पक्कड, पॅकिंग हे शब्द मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले नाही, ते गॅरेजनेच शिकवले. तिथे मुलगी उभी राहिली की सगळ्यांना आधी हसू येतं. खिशातून मल्टिमीटर निघाला की हसू थांबतं, हा माझा अनुभव.

त्या मल्टिमीटरने दुकानातही इज्जत राखली. दुकानदाराने जे युनिट पुढे केलं, त्याचे स्क्रू बरोबर बसत होते, म्हणून म्हणाला, "सगळे सारखेच असतात." सारखे नसतात हो! काही युनिटं रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम दाखवतात, तर काही रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. म्हणजे चक्क उलटी. मीटर एका जातीचा आणि युनिट दुसऱ्या जातीचं बसवलं तर टाकी भरली की काटा 'एम्टी'! पुढ्यातल्या युनिटची दांडी वरखाली करून ओहम बघितले, मीटरशी जुळेनात. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण मला आवडते, पण ओहमच्या बाबतीत ती चालत नाही. जुळणारं युनिट दोन आठवड्यांनी एका भंगारातल्या गाडीतून मिळालं. नवं पॅकिंग टाकून बसवलं, मग पाच-पाच लिटर पेट्रोल ओतत प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते कागदावर लिहिलं. तो कागद आता सन व्हायझरला लावलेला आहे.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, गाडीच भंगारात द्या. हॉस्टेलमध्ये हाच वाद दोन रात्री चालला! गाडी विकायची तर विका, पण चालवायची असेल तर काट्यासकट चालवा. टाकी तळाला गेली की तळाचा गाळ ओढला जाण्याची भीती वाढते, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो आणि गाडी ऐन घाटात नाही तर ऐन दवाखान्याच्या वेळी गुदमरते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलही आलंय. आपल्या उसाला भाव मिळतो ही आनंदाचीच गोष्ट, पण इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाडीचं रबर खातं. म्हणजे गंज, गळके पाइप आणि खराब पॅकिंग या तक्रारी वाढणार, कमी होणार नाहीत.

डिकीतला कॅन मामाने काढला. एकदम नाही, महिनाभर काट्याची परीक्षा घेऊन. मला ते आवडलं. आजी म्हणते, गाडीत आता पेट्रोलचा वास येत नाही.

जाता जाता एक. वर्कशॉपच्या मागे भंगारात एक जुनी टाकी पडलेली आहे, युनिटसकट. आधी ती पाण्याने नीट धुवावी लागेल. मग तिला मीटर आणि बॅटरी जोडून फर्स्ट इयरच्या टेबलावर ठेवू, पेट्रोलऐवजी पाणी ओतून काटा हलवू. स्टोअरच्या सरांनी परवानगी दिली तर येत्या शनिवारी दोन वाजता मी तिथे आहे. मल्टिमीटर माझा, बादल्या तुम्ही आणा.