स्विचवर सगळेच व्हीआयपी झाले, तर काउंटर अडकणारच



स्विचचं सेटिंग कुठल्या मेनूत असतं, ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे मला त्यामागचा निर्णय कोणी घ्यायचा, यावर बोलायचंय. माझं मत सरळ आहे: क्लिक नेटवर्कवाल्याने करावं, पण कोण आधी जाणार आणि कोण थांबणार हे दुकानाच्या मालकाने ठरवावं.

संध्याकाळी गर्दीत बिल अडकलं की आपण पहिला फोन इंटरनेटवाल्याला करतो आणि मोठा प्लॅन घेतो. पण बऱ्याचदा अडचण दुकानाच्या आतच असते.

एक उदाहरण घ्या. दुकान खाली, ऑफिस वर. खाली काउंटरचे कॉम्प्युटर, इंटरनेट फोन, १६ कॅमेरे आणि मालकाचा कॉम्प्युटर. वर सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि बॅकअपची डिस्क. दोन्ही मजल्यांच्या स्विचमध्ये एकच वायर, १०० एमबीपीएसची. एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस धरला तर १६ कॅमेऱ्यांचे झाले ६४. त्यात मालकाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप सुरू झाला की तो उरलेली सगळी जागा खातो आणि अजून मागतो. बिलाचा डेटा किती? चिमूटभर! पण तोही त्याच रांगेत मागे उभा.

आता आधी फुकटातला उपाय बघा. १००० एमबीपीएसला वायरमधल्या चारही जोड्या चालू लागतात. क्रिम्पिंग खराब असेल तर चांगला स्विचसुद्धा १०० वर येतो. पोर्टचा स्पीड बघा, वायर नीट करा. तिथेच काम झालं तर बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. स्विचच जुना १०० चा असेल, किंवा बॅकअप १००० चीही वाट भरत असेल, तर मात्र प्रायॉरिटी लावायची. त्यासाठी मॅनेज्ड किंवा स्मार्ट स्विच लागतो. ज्यात लॉगिनच नाही, अशा साध्या स्विचवर हे ठरवता येत नाही.

स्विचच्या प्रत्येक पोर्टवर बाहेर जाणाऱ्या डेटासाठी रांगा असतात, बहुतेक वेळा ४ किंवा ८. त्या रिकाम्या करायच्या दोन मुख्य पद्धती.

पहिली स्ट्रिक्ट प्रायॉरिटी. देवळातली व्हीआयपी लाइन समजा. ती संपेपर्यंत साध्या रांगेतला एकही माणूस पुढे सरकत नाही. दुसरी वेटेड राउंड रॉबिन. व्हीआयपीचे ८ सोडले, की मधल्या रांगेचे ४, मग शेवटच्या रांगेचा १. सगळ्यांचा नंबर लागतो, फक्त कमी-जास्त.

गडबड होते ती इथे. "साहेबांचा कॉम्प्युटर महत्त्वाचा" म्हणून त्याचा पोर्ट स्ट्रिक्टमध्ये सगळ्यात वर टाकला जातो. आणि बॅकअप निघतो त्याच कॉम्प्युटरमधून! म्हणजे बॅकअप व्हीआयपी, आणि पैसे आणणारं काउंटर ताटकळत. म्हणून खुर्ची बघून नाही, काम बघून नंबर द्या. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम दोन मिनिटं थांबलं तर गिऱ्हाईक जाईल का?

माझी मांडणी अशी:
- फोन: स्ट्रिक्ट. एका कॉलला जेमतेम १०० केबीपीएस लागतात, त्यामुळे तो कुणाचा घास काढत नाही.
- बिलिंग: वजन ८.
- कॅमेरे: वजन ४.
- बॅकअप: वजन १.

बॅकअपवर अन्याय होतो का? नाही. बिलिंगची रांग बहुतेक वेळ रिकामीच असते, आणि रिकाम्या रांगेचा वाटा बाकीच्यांना मिळतो. कॅमेऱ्यांनी त्यांचे ६४ घेतले तरी बॅकअपला ३० च्या आसपास मिळतात. तो उशिरा संपेल, एवढंच. दुकान बंद झाल्यावर चालवला तर तेही नाही.

तीन गोष्टी जपा. एक, ८०२.१पी मध्ये ० ते ७ असे नंबर असतात, पण ठरलेल्या क्रमात १ चा दर्जा ० च्याही खाली आहे. शिवाय कुठला नंबर कुठल्या रांगेत जातो ते कंपनीनुसार बदलतं, टेबल उघडून बघा. दोन, हे सेटिंग दोन मजल्यांना जोडणाऱ्या पोर्टवर लागू झालंय ना ते तपासा, कारण कोंडी तिथे आहे. तीन, बऱ्याच स्विचमध्ये 'सेव्ह' वेगळं करावं लागतं. नाहीतर लाइट गेली की सेटिंगही गेलं.

आणि एक मर्यादा. इंटरनेटची बाहेरची लाइनच भरली असेल तर हा स्विच काही करू शकत नाही. तिथे राउटरवर मर्यादा घालावी लागते.

काम झालं म्हणून बिल देण्याआधी नेटवर्कवाल्यासमोर भर दुपारी बॅकअप सुरू करा आणि काउंटरवर बिल काढून बघा. बिल झटकन निघालं तरच पैसे द्या.