चौदा दिवसांच्या गोळ्या आणि रोजंदारीचा खाडा

मलेरियाच्या उपचारांचं 2013 चं राष्ट्रीय धोरण कागदावर चांगलं आहे. नुसत्या तापावर क्लोरोक्विन देऊन मोकळं व्हायचं, ही जुनी पद्धत त्यात नाही. आधी रक्त तपासायचं, मग औषध. व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि 14 दिवस प्रायमाक्विन. कारण व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात. ताप उतरला तरी ते तिथंच असतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा आजारी पाडतात.

दिल्लीत हे धोरण घड्याळाशी अडतं. मोहल्ला क्लिनिकची वेळ ठरली सकाळी 8 ते दुपारी 2. लेबर चौकात मजूर कामासाठी उभे राहतात तेही सकाळीच. रक्त द्यायला एक खाडा, रिपोर्टला दुसरा, थोड्याच गोळ्या मिळाल्या तर उरलेल्यांसाठी तिसरा. तेवढ्यात ताप उतरलेला असतो. माणूस कामावर जातो आणि त्याच्या नावावर शेरा पडतो : ‘हे लोक कोर्स पूर्ण करत नाहीत.’

माझा आक्षेप या शेऱ्याला आहे. गटार साफ करणारे, कचरा वेचणारे, विटा वाहणारे बहुतेक कोणत्या जातींतून येतात, हे तुम्हाला सांगायला नको. ‘हे लोक’ म्हटलं की जातीचं नाव न घेताही जात बोलते आणि व्यवस्थेची उणीव माणसाच्या अडाणीपणावर ढकलली जाते. आजारपणात मजुरीच्या 70 टक्के भत्ता देणारी ईएसआय योजना 1952 मध्ये सुरू झाली, ती दिल्ली आणि कानपूरमधूनच. पण नाक्यावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, कचरावेचक आजही तिच्या बाहेर आहेत. पगारी रजा असलेल्याला कोर्स पूर्ण करायला वेगळं शहाणपण लागत नाही.

उपाय अवघड नाहीत. रॅपिड किटवर 15-20 मिनिटांत निकाल कळतो. गडचिरोलीच्या गावांत आशाताई या किटनं रक्त तपासतात आणि गोळ्या देतात. राजधानीतल्या वस्तीत संध्याकाळी हे का होऊ नये? एका डोसचं टॅफेनोक्विन आलं की प्रश्न सुटेल, असंही नाही. ते देण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासणी लागते. ती वस्तीपासून लांब असेल, तर नव्या औषधासाठीही खाडाच पडेल.

2027 पर्यंत देशात मलेरियाचा एकही स्थानिक रुग्ण नको, 2030 पर्यंत उच्चाटन, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं तर दवाखान्याची वेळ मजुराच्या दिवसाप्रमाणे ठरवावी लागेल.

तोवर आपल्यालाही काम आहे. आपल्या घरात, गल्लीत दवाखान्याची चिठ्ठी वाचायला आपल्यालाच बोलावतात. तेव्हा तीन गोष्टी विचारा. मलेरिया कोणता, हे लिहिलंय का? व्हायवॅक्स असेल तर 14 दिवसांच्या सगळ्या गोळ्या एकदम मिळतील का? जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विन घातक ठरू शकतं आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. डॉक्टरांनी याची चौकशी केली का? गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, हेही घरी सांगा. आणि शेजाऱ्याचा कोर्स अर्धवट राहिला, तर त्याला रागावण्याआधी विचारा : दवाखाना उघडा होता तेव्हा तू कुठल्या कामावर होतास? उत्तरं लिहून ठेवा. क्लिनिकची वेळ बदलून मागताना तीच आपल्या अर्जात लागतील.