कीबोर्डवर मराठी अक्षरं छापून येतील, पण टाइप कोण करणार?

परवा आमच्या सोसायटीतली एक मुलगी घरी आली. लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करतेय. म्हणाली, "काका, मराठी टायपिंगचा क्लास लावायचाय. रेमिंग्टन शिकू की इनस्क्रिप्ट? आणि मोबाइलवर मी इंग्रजी अक्षरांत लिहिते तर आपोआप मराठी येतं, मग हे वेगळं शिकायचंच कशाला?"

प्रश्न साधा वाटला, पण मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. या जाहिरातींमध्ये मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट एवढा वेग मागतात. लेआउट चुकीचा निवडला तर तिचे काही महिने आणि क्लासची फी वाया जाणार. म्हटलं, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांत जे डोक्यात आलं ते हे.

सरकारने काय म्हटलंय?

३ फेब्रुवारी २०२५ ला महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढला. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत मराठीतच बोलायचं, मराठीत फलक लावायचे, हे सगळं त्यात होतं आणि बातम्या त्याच्याच झाल्या. पण त्याच निर्णयात कीबोर्डचाही मुद्दा आहे. कार्यालयातल्या संगणकाच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांबरोबर मराठी देवनागरी अक्षरंही असली पाहिजेत.

ऐकायला छान आहे. पण कीबोर्ड छापणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 'क' कोणत्या बटणावर छापायचा? 'ळ' कुठे? इंग्रजीत हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे एकच लेआउट सगळीकडे चालतो. मराठीत निदान तीन आहेत आणि तिन्ही वापरणारी माणसं एकाच कार्यालयात शेजारी शेजारी बसलेली असतात.

तीन लेआउट, तीन पिढ्या

पहिला रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरचा. यात अक्षर जसं दिसतं तसं टाइप करायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधी वेलांटी आणि मग अक्षर. काही अक्षरं आधी अर्धी, मग त्यांना काना जोडून पूर्ण करायची. मशीनसाठी हे बरोबरच होतं, कारण कागदावर ठसे तसेच उमटत. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अनेक वर्षं हेच शिकवलं गेलं आणि पुढे संगणकावरच्या जुन्या फॉन्टनीही हीच पद्धत उचलली.

दुसरा इनस्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणला आणि १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या भारतीय मानकात आला. यात अक्षर जसं उच्चारतो तसं टाइप करायचं: आधी व्यंजन, मग मात्रा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की मिळतो तो याच घराण्यातला.

तिसरा फोनेटिक. रोमन अक्षरांत लिहा, सॉफ्टवेअर मराठी करून देतं. मोबाइलवर बहुतेकांची सवय हीच. २०१९ पासून विंडोज १० मध्येही मराठी फोनेटिक आहे.

आता कीबोर्डवर अक्षरं छापायची तर फोनेटिकवाल्यांना त्यांचा उपयोगच नाही, ते रोमनच बघतात. रेमिंग्टनवाल्यांच्या बोटांत लेआउट इतका बसलेला असतो की ते बटणांकडे बघतच नाहीत. राहिला इनस्क्रिप्ट. तोच राष्ट्रीय मानक आहे, तेव्हा छापायचा तर तोच छापावा लागणार. म्हणून तो मराठीला कितपत सोयीचा आहे हे बघू.

इनस्क्रिप्टमधलं चांगलं

बाराखडी येणाऱ्या माणसाला इनस्क्रिप्ट अर्ध्या तासात समजतो. वेग यायला वेळ लागतो, पण रचना लगेच कळते. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. 'क'च्या वरच्या बटणावर ग, 'त'च्या वर द, 'च'च्या वर ज, 'ट'च्या वर ड. शिफ्ट धरून 'क' दाबला की ख, 'ग' दाबला की घ. शाळेत पाठ केलेली वर्णमालाच कीबोर्डवर मांडलेली आहे.

शिवाय अकार फुकट मिळतो. 'बदल' लिहायला तीन बटणं पुरतात. रोमनमध्ये त्यालाच पाच लागतात.

आणि मराठीला कुठे टोचतो?

आता एक साधा मथळा घ्या: 'शाळेच्या वेळेत बदल'. मी मोजून बघितलं. मधल्या जागा सोडल्या तर इनस्क्रिप्टमध्ये १६ बटणं लागतात. त्यात तीन वेळा शिफ्ट, एकदा 'श'साठी आणि दोनदा 'ळ'साठी. म्हणजे १९. फोनेटिकमध्येही १९ रोमन अक्षरं होतात, आणि 'ल' की 'ळ' हे सुचवलेल्या शब्दांतून निवडावं लागलं तर तो वेळ वेगळा. म्हणजे इनस्क्रिप्टने 'बदल'मध्ये कमावलेलं 'शाळा' आणि 'वेळ'मध्ये घालवलं.

कारण उघड आहे. मराठीला सतत लागणारी ळ, ण आणि श ही तिन्ही अक्षरं शिफ्टखाली आहेत. 'च' उजव्या करंगळीवर आहे आणि 'य'सुद्धा. म्हणजे 'च्या' लिहिताना चार बटणांपैकी दोन करंगळीची. 'माझ्या भावाच्या मुलीच्या शाळेच्या' असं वाक्य टाइप करून बघा, करंगळी जाब विचारेल. आणि दुसरीकडे, मूळ देवनागरी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट न धरता मिळणाऱ्या एका बटणावर नुक्ता आहे, एकावर ऱ्हस्व 'ए'ची मात्रा आहे. मराठीत या दोन्हींना जवळपास काम नाही.

ही चूक नाही, तडजोड आहे. इनस्क्रिप्टची अट अशी होती की सगळ्या भारतीय लिप्यांत एका उच्चाराचं बटण एकच असावं. 'क'चं बटण हिंदी, बंगाली, तेलुगू सगळीकडे तेच. दक्षिणेकडच्या भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे आहेत, म्हणून त्याला जागा. नुक्ता हिंदी-उर्दूच्या शब्दांसाठी. सगळ्यांना एका पंक्तीत बसवलं की प्रत्येकाच्या पानात थोडं नावडतं येणारच.

मग आपला वेगळा लेआउट करूया?

मलाही हेच वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर नावाचं फुकट टूल घेऊन मी स्वतःचा लेआउट बनवला. नुक्त्याच्या जागी 'ळ', ऱ्हस्व 'ए'च्या जागी 'ण'. दोन संध्याकाळचं काम. फार खूश होतो मी.

आठवड्यात दोन गोष्टी कळल्या. एक, नुक्त्याचं बटण उजव्या करंगळीच्याही पलीकडे आहे आणि ते दुसरं डाव्या करंगळीखाली. शिफ्ट वाचला, पण दोन्ही करंगळ्या आणखी दमल्या. कोणतं अक्षर किती वेळा येतं एवढंच बघून भागत नाही, कोणतं बोट किती लांब जातं हेही बघावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महाग पडली. कामासाठी दुसऱ्याच्या संगणकावर बसलो आणि 'शाळा' लिहायला गेलो तर पडद्यावर 'शा़ा'. माझा लेआउट तिथे इन्स्टॉल करायला ॲडमिनची परवानगी हवी होती, ती कोण देणार? शेवटी मुकाट्याने मूळ इनस्क्रिप्टवर परत आलो.

जगातही हेच झालंय. इंग्रजीत ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये नव्या लेआउटचं पेटंट घेतलं. स्वर आणि जास्त लागणारी व्यंजनं मधल्या ओळीत. तो खरंच किती वेगवान आहे यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात, पण क्वर्टी हलला नाही. २००६ मध्ये आलेल्या कोलमॅकने शहाणपणा केला: क्वर्टीतली १७ बटणंच बदलली आणि कट, कॉपी, पेस्टची जागा तशीच ठेवली. जुनी सवय मोडायचा खर्च कमी, म्हणून शौकीन मंडळींमध्ये तो टिकला.

सरकारी पातळीवरची दोन उदाहरणं आपल्या जास्त जवळची आहेत. तुर्कस्तानात १९५५ मध्ये तुर्की भाषेतल्या अक्षरांचा अभ्यास करून एफ कीबोर्ड मानक झाला. पण पुढे संगणक आले ते क्वर्टी घेऊन आणि लोक त्यावरच शिकले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारला परिपत्रक काढून कार्यालयांना एफकडे वळा म्हणून सांगावं लागलं. भाषेला सोयीचा लेआउट, त्याला सरकारचा शिक्का, तरी बाजारात आलेल्या यंत्राने त्याला मागे टाकलं.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. त्यांच्या नेहमीच्या अझर्टी कीबोर्डवर उच्चारचिन्हं असलेली मोठी अक्षरं काढणं कटकटीचं होतं. २०१९ मध्ये त्यांच्या मानक संस्थेने नवं मानक दिलं, त्यात सुधारलेल्या अझर्टीत मूळ अक्षरं आणि आकडे जागच्या जागी ठेवले, इकडेतिकडे केली ती चिन्हं. आपण घ्यावा तो धडा हा.

टायपिंगच्या वेगापलीकडचा प्रश्न

लेआउटचा परिणाम टाइप करणाऱ्याच्या बोटांपुरता राहत नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलंत. दुसरा म्हणजे साधा 'र', हलंत आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली यादी सापडेलच असं नाही.

यातला कोणता प्रकार उमटेल हे तुमचा लेआउट किंवा टूल ठरवतं. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ'ला स्वतःची जागा आहे, 'र'च्याच बटणावर शिफ्ट धरून. त्यामुळे तिथे पहिला प्रकार सहज मिळतो. काही टूल दुसरा देतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींत तर युनिकोड मराठी नसतंच, फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. योजनेच्या यादीत आपलं गाव किंवा नाव शोधणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. त्याला वाटतं, आपलं नाव यादीत नाही.

मग करायचं काय?

माझ्या मते नवा लेआउट काढायची गरज नाही. चार कामं केली तरी पुष्कळ होईल.

१. कीबोर्डवर जो लेआउट छापणार, तोच परीक्षेत आणि तोच प्रशिक्षणात. टायपिंगची परीक्षा एका लेआउटवर आणि टेबलावरचा कीबोर्ड दुसऱ्याच, असं झालं तर छपाईचा खर्च पाण्यात.

२. नोकरीत असलेल्या रेमिंग्टनवाल्यांवर जबरदस्ती नको. त्यांचं तीस वर्षांचं कौशल्य एका आदेशाने पुसू नये. त्यांना रेमिंग्टनच द्या, पण युनिकोड मराठी उमटवणारा. बोटं तीच राहतील, फाइल नवी होईल.

३. ळ, ण, श यांच्यासाठी इनस्क्रिप्टचा एक मराठी पर्याय तज्ज्ञांकडून तपासून घ्या. दोन-तीन बटणं, त्याहून जास्त नाही. आणि तो विंडोज, लिनक्स, अँड्रॉइडमध्ये आधीपासून आलेला असेल तरच वापरात आणा. नाहीतर सगळ्यांचा माझ्यासारखा 'शा़ा' होईल.

४. सरकारी वेबसाइटवरच्या शोधात दोन्ही प्रकारचे 'ऱ्य' एकच धरा. हे काम प्रोग्रामरचं आहे, टाइप करणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नका.

मोबाइल मी मुद्दाम बाजूला ठेवला. तिथे छापील बटणं नसतात, त्यामुळे प्रयोग स्वस्त पडतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसीने बनवलेल्या स्वरचक्रमध्ये व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. रोमनची कुबडी न घेता मराठी लिहिता येतं हे त्याने दाखवून दिलं. कार्यालयातलं टेबल असं रोज बदलता येत नाही, म्हणून तिथला निर्णय जपून घ्यायचा.

आणि त्या मुलीचं काय? तिला सांगितलं, आधी जाहिरात नीट वाच. कौशल्य चाचणी कोणत्या लेआउटवर, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, हे बघूनच क्लास लाव. निवड तुझ्या हातात असेल तर इनस्क्रिप्ट घे. रोमनमधून मराठी मोबाइलवर खुशाल कर, पण चाचणीत ती सोय मिळेल असं धरून चालू नकोस.

ती म्हणाली, "आणि ते छापलेले कीबोर्ड आले की?"

म्हटलं, तोवर तुझी बोटं तयार झाली तर तुला बटणाकडे बघावंही लागणार नाही. छपाईचा उपयोग पहिल्या आठवड्यापुरता. पुढचं सगळं सरावावर, आणि आपण कशाचा सराव करतोय ते सरकारने एकदाच ठरवून टाकण्यावर.