पाटी नव्हती म्हणे!

मंडळी, गाइडशिवाय कॅनडात बदकं-हंस मारायला जायचे बेत इथे अमेरिकेत सीझनच्या कितीतरी आधी शिजतात. बॉर्डरवर बंदुकीचा फॉर्म, २५ कॅनेडियन डॉलर, शिशाऐवजी पोलादी छर्रे, सगळं अगदी पाठ! पण सस्कॅचवानमध्ये १ जानेवारी २०२२ पासून शेतात शिरण्याआधी मालकाची परवानगी लागते म्हटलं, की तोंडं वाकडी. "पाटी नव्हती ना!" अहो, गावाकडे न विचारता कुणी बंदूक घेऊन तुमच्या बांधावर आला तर? फोनवर विचारलं तरी चालतं की. फर्स्ट नेशन्सच्या नेत्यांनी या कायद्याला विरोध केला, तो मात्र मला पटतो. १८७४ आणि १८७६ च्या करारांत त्यांना शिकारीचा शब्द दिलाय. आपल्याला कुणी दिलाय?