आरोग्याची शिदोरी : विष उतरते, मागे काय राहते?



कपाशीवर फवारणी करताना सालदाराला विषबाधा झाली, दवाखान्यात सलाईन लागले आणि तो घरी आला, की आपण म्हणतो, ‘सुटला बुवा!’ पण विष उतरले म्हणजे त्याचा परिणाम संपला असे नव्हे. लढाईतल्या विषारी वायूंत सापडलेल्या सैनिकांनी हे पुढे आयुष्यभर भोगले.

पहिल्या महायुद्धात 1917 साली जर्मनांनी मस्टर्ड गॅस वापरला. नाव मोहरीचे असले तरी त्यात मोहरी नसते. ते तेलकट रसायन आहे. अंगावर पडताना काही कळत नाही. काही तासांनी फोड येतात, डोळे सुजतात, छाती जळते. फोड सुकतात, पण खोकला, दम आणि डोळ्यांचे दुखणे मागे राहते. कर्करोगाचा धोकाही वाढतो. 1980 ते 1988 च्या इराण-इराक युद्धात इराकने हा वायू वापरला. त्यात सापडलेल्या हजारो इराणी सैनिकांना त्यानंतर कित्येक वर्षे दम लागत राहिला.

आपली माणसेही यातून सुटली नाहीत. 1930 नंतरच्या दशकात आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्रज शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर याच वायूचे प्रयोग केले. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडी जास्त भाजते का, हे त्यांना पाहायचे होते. कित्येक जवान भाजून दवाखान्यात पडले. पुढे त्यांना काय आजार जडले, हे कोणी तपासले नाही. 2007 साली जुनी सरकारी कागदपत्रे उजेडात आली, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली.

याचा आपल्या शेताशी काय संबंध? 1936 साली गेरहार्ड श्रेडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ किडीवर औषध शोधत होता. त्याच्या हाती टॅबून हे माणूस मारणारे विष लागले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कपाशीवरची औषधे त्याच्याच कुळातली. जोर कमी, पण मार त्याच जागी, म्हणजे मज्जातंतूंवर. लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

म्हणून एवढे करा :

1. बाधा होताच कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

2. बरे वाटले तरी चार दिवस लक्ष ठेवा. मान उचलवेना किंवा श्वास मंदावला, तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायला वेळ लावू नका.

3. काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पायांना मुंग्या येतात, पाय लुळे पडतात. पुढे झोप, स्मरण बिघडलेलेही आढळते. हा अशक्तपणा किंवा बाहेरची बाधा समजू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा.

4. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

5. दवाखान्याचे कागद जपा. कोणते औषध, कोणती तारीख, काय त्रास झाला, हे वहीत लिहा. सालदाराच्या घरीही तसा एक कागद द्या. रावळपिंडीच्या जवानांची विचारपूस पुढे कोणी केली नाही. आपल्या माणसाची आपण करावी.