शेवटच्या पानावरचा निकाल

परवाच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. शायरा बानो खटल्याचे 395 पानी निकालपत्र त्याने एआय सहायकाला दिले होते. मिनिटभरात दहा ओळींचा सारांश हजर! त्यात लिहिले होते, न्यायालयाने तिहेरी तलाकला सहा महिने मनाई केली आणि संसदेला कायद्याचा विचार करायला सांगितले.

हे निकालपत्रात आहे, पण तो निकाल नव्हे. 22 ऑगस्ट 2017 रोजी पाच न्यायमूर्तींनी 3 विरुद्ध 2 असा निर्णय दिला. आरंभी सरन्यायाधीश खेहर यांचे मत छापले आहे, न्या. अब्दुल नझीर त्यांच्यासोबत. सहा महिन्यांची मनाई त्यांची. तेच मत सर्वांत लांब आणि तेच अल्पमतातले. खरा आदेश अगदी शेवटी, एका वाक्यात येतो : बहुमताने तलाक-ए-बिद्दतची प्रथा रद्दबातल.

यंत्राला हसू नका. त्या दिवशी काही वृत्तवाहिन्यांनीही आधी हीच मनाईची बातमी चालवली होती. पण आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईच्या हातात तलाकनामा असतो. ‘मनाई सहा महिन्यांची होती, ती केव्हाच संपली’ असे कुणी सांगितले, तर ती मुकाट्याने माहेरची वाट धरेल.

मग मी प्रश्न बदलून विचारला. कोणत्या न्यायमूर्तींचे काय मत, बहुमतात कोण, आणि प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक. या वेळी उत्तर उपयोगी आले. आम्ही ती पाने उघडून ताडून पाहिली. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी 1937 च्या शरीयत कायद्याचा आधार घेऊन ही प्रथा मनमानी, म्हणून समानतेच्या कलम 14 चा भंग करणारी ठरवली. न्या. कुरियन जोसेफ यांना 1937 च्या कायद्याबाबतचा हा युक्तिवाद मान्य नाही. त्यांचे म्हणणे, जे कुरआनच्या विरोधात आहे ते शरीयतचा भाग होऊच शकत नाही. ‘कोर्टाने धर्मात ढवळाढवळ केली’ म्हणणाऱ्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांसमोर ठेवायचे पान हेच. पहिल्या सारांशात न्या. कुरियन यांचे नावसुद्धा नव्हते!

तरीही हे साधन वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. इंग्रजी न येणाऱ्या आपल्या भगिनींना हे निकालपत्र आजवर बंदच होते. आता त्या मराठीत किंवा उर्दूत त्याला प्रश्न विचारू शकतात. फक्त कुणा बाईचा अर्ज किंवा निकाहनामा नाव-पत्त्यासकट त्यात टाकू नका. ती कागदपत्रे तिने विश्वासाने आपल्या हाती दिलेली असतात.

पुढच्या वर्गाला 2019 चा कायदा घेतला आहे. तो जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. येताना सारांश नको, मूळ कायदाच वाचून या.