मालिश करणाऱ्याला प्रश्न विचारा

कसबा बावड्यातल्या आमच्या मालिश केंद्रात माणूस येतो तो बहुधा निदान सोबत घेऊनच. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘शीर चढलीय’, ‘गादी सरकलीय’. कोणी सांगितलं, असं विचारलं की शेजाऱ्यापासून मागच्या मालिशवाल्यापर्यंत कुणाचंही नाव निघतं. मग आमची पहिली दहा मिनिटं तेलाची बाटली न उघडताच जातात. ती गेलीच पाहिजेत, असं आमचं मत आहे.

कोल्हापुरात अंग रगडून घेणं नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म बावड्यातल्याच लक्ष्मी-विलास राजवाड्यातला. त्यांच्याच काळात, १९१२ साली, खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. तालमीत मेहनतीनंतर मालिश ठरलेलीच. पण तिच्यासोबत ‘अमक्याच्या हाताला गुण आहे’ ही समजूतही चालत आली. हा शब्द आम्हाला खटकतो. गुण हातात म्हटलं की जाणणारा एक, आणि दुसऱ्यानं नुसतं पालथं पडून राहायचं. ज्ञान मूठभरांनी झाकून ठेवलं की काय होतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

तर ती गॅप. दोन मणक्यांमध्ये गादी असते : बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. ती वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. फुगून नसेवर दाब आला तर कळ पायात उतरते. वयानं गादीतलं पाणी कमी होतं, ती पातळ होते. म्हणजे एक्स-रेत मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नसतं, उलट कमी झालेलं दिसतं! ते अंगठ्यानं दाबून भरून निघत नाही. मान मोडल्यावरचा ‘कट्’ आवाज सांध्यातल्या वायूचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

मग मालिश करते काय? आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ निवतं, झोप लागते. एवढंच, पण ते कमी नाही. गळीत हंगामात दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या भगिनीची कंबर कामानं दुखते. तिला दहा वेळा यायला लावून आगाऊ पैसे घेणं आम्हाला लुबाडणूक वाटते. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत, चालत-फिरत राहिल्यानं ओसरते. हे सांगितलं की धंदा बुडतो म्हणतात. थोडा बुडतोही.

काही वेळा मात्र हात लावायचाच नसतो. कंबरदुखीसोबत मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी सीपीआर गाठा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. रगडली तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका.

आणि साखर. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्यानं त्यांना किती छळलं हे आपण वाचलेलं आहे. या आजारात पायांची जाणीव कमी होते. शेकाच्या पिशवीनं कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून अशा माणसाचे तळवे आम्ही आधी बघतो आणि शेक देत नाही. तुमचा मालिशवाला बघत नसेल, तर मोजे काढून तुम्हीच दाखवा.